मेंदूंतील लगाम आणि एक आनुवंशिक रोग

कांहीं रोग बाहेरून येतात, तर कांहीं घराण्यांतच नांदतात. अमेरिकेंतील लाँग आयलंडवर, ईस्ट हॅम्प्टन गांवच्या कांहीं कुटुंबांत असा एक रोग पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. जॉर्ज हंटिंग्टन ह्या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टरानें १८७२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचे वडील व आजोबाही तेथेंच वैद्यकी करीत असल्यामुळें तीन पिढ्यांचा अनुभव त्याच्या पाठीशीं होता.

ह्या रोगांत ऐन उमेदीच्या माणसाचे हातपाय, मान व चेहरा त्याच्या इच्छेवांचून हलूं लागतात. पुढें बोलणें व गिळणें कठीण होतें, स्वभाव पालटतो आणि बुद्धि क्षीण होते. आईबापांपैकीं एकास रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. लक्षणें बहुधा ३० ते ५० ह्या वयांत उमटतात. म्हणजे रोग ओळखूं येण्यापूर्वींच पुष्कळदां पुढची पिढी जन्मास आलेली असते.

रोगाचें मूळ १९९३ सालीं सांपडलें. व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराकांठच्या कुटुंबांनीं दिलेल्या रक्ताचें ह्या शोधास मोठें साहाय्य झालें. चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकांत 'सीएजी' हीं तीन रासायनिक अक्षरें पुन्हां पुन्हां येतात. २६ पर्यंत आवृत्त्या असल्यास भय नाहीं. ४० किंवा अधिक असल्यास, पुरेसें आयुष्य लाभलें तर, रोग टळत नाहीं. ह्या जनुकापासून होणारें प्रथिन सदोष असतें, आणि त्याचा पहिला घाव मेंदूच्या गाभ्यांतील स्ट्रायेटम नांवाच्या भागावर पडतो. कोणती हालचाल होऊं द्यावी व कोणती दाबावी, ह्या निवडींत त्या भागाचा मोठा वांटा असतो.

ह्याच भागांत दुसरी एक व्यवस्था विपुल आढळते, आणि तिचा शोध गांजाच्या अभ्यासांतून लागला. राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी ह्यांनीं १९६४ सालीं इस्रायलांत गांजांतील मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. पेशीवरील ज्या प्रथिनास एखादें द्रव्य जाऊन चिकटतें त्यास ग्राहक म्हणतात. गांजांतील द्रव्याचा ग्राहक मेंदूंत आहे, हें १९८८ सालीं सिद्ध झालें. परंतु वनस्पतीच्या रसासाठीं मेंदूनें जागा कां राखून ठेवावी? उत्तर १९९२ सालीं जेरुसलेममध्यें मिळालें: मेंदू स्वतःच तशा गुणाचें द्रव्य तयार करितो. शोधकांनीं त्यास आनंदामाइड हें नांव दिलें. त्यांतील 'आनंद' हा संस्कृत शब्द मराठी श्रोत्यांस उलगडून सांगावयास नको.

मज्जापेशींचे निरोप सामान्यतः एकाच दिशेनें जातात. एक पेशी रसायन सोडते, दुसरी तें घेते. आनंदामाइड व त्याच्या जातीचीं द्रव्यें मात्र उलट वाटेनें चालतात. निरोपांचा भडिमार झाला कीं घेणारी पेशीच असें द्रव्य निर्माण करिते; तें मागें जाऊन पाठविणाऱ्या पेशीच्या ग्राहकास चिकटतें, आणि रसायनाचा ओघ मंदावतो. थोडक्यांत, हा मेंदूचा लगाम होय.

हंटिंग्टनच्या रोगांत हा लगाम लवकर ढिला पडतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनीं मृत रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हां ह्या ग्राहकांची घट रोगाच्या अगदीं आरंभींच होते असें २००० सालीं दिसून आलें. २०११ सालच्या प्रयोगांत, सदोष जनुक असलेल्या ज्या उंदरांत हा ग्राहकही नव्हता, त्यांची प्रकृति अधिक झपाट्यानें ढासळली. म्हणजे ही घट रोगाची निव्वळ खूण नसून ती रोगास हातभारही लावीत असावी.

मग गांजापासून केलेलीं औषधें देऊन लगाम पुन्हां आंवळतां येईल काय? १९९१ सालीं १५ रोग्यांस कॅनाबिडिऑल दिलें. लाभ झाला नाहीं. २०१६ सालीं माद्रिदमध्यें २६ रोग्यांवर सॅटिव्हेक्स ह्या फवाऱ्याचा प्रयोग झाला. औषध सोसलें, पण हालचाली वा बुद्धि ह्यांत उल्लेखनीय फरक पडला नाहीं. नॅबिलोनच्या २००९ सालच्या चांचणींत थोडा उतार दिसला. तोही निर्णायक नव्हता. ह्याचें एक संभाव्य कारण उघड आहे. लगामाचें कडियाळेंच गळून पडलें असतां नुसती दोरी ओढून घोडा आवरत नाहीं. शिवाय मूळ जनुक आपलें काम चालूच ठेवितें.

म्हणून भांग किंवा गांजा हा ह्या रोगावरील उपाय आहे, असें मानून कोणत्याही कुटुंबानें चालतें औषध सोडूं नये. अनैच्छिक हालचाली कमी करण्यास टेट्राबेनाझिनसारखीं औषधें उपलब्ध आहेत. जनुकाची तपासणीही करतां येते. परंतु ती करून घ्यावी कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें, वयांत आल्यावर व नीट सल्ला घेऊन ठरवावयाचें असतें. लगामाच्या शोधानें रोग बरा झाला नाहीं. मात्र लक्षणें दिसण्याआधीं मेंदूंत काय बिघडतें तें कळूं लागलें. उपाय निघालाच तर त्यास त्याच वेळीं पोंचावें लागेल.