मातीची भट्टी हलकी होते तेव्हा

मातीच्या भट्टीचं सारं बळ तिच्या वजनात असतं. आत लाकडं पेटवायची, भिंती तापल्या की निखारे ओढून काढायचे, दार लावायचं आणि भिंतींत साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचा, ही तिची रीत. मग उचलून नेण्यासाठी तीच माती कमी करायची, तर भट्टीत उरलं काय? बरंच उरतं. कारण जाड भिंतीतली सगळीच माती कामाला येत नाही.

चिकणमाती, वाळू आणि काड पायांनी तुडवून केलेल्या मिश्रणाला इंग्लंडमध्ये ‘कॉब’ म्हणतात. डेव्हन परगण्यात त्याची शेकडो वर्षांची घरं आजही राहती आहेत. चिकणमाती सगळ्याला बांधून ठेवते, वाळू आकसणं आवरते, काड ताण झेलतं. एक भाग चिकणमातीला दोन-तीन भाग वाळू, हा ढोबळ हिशेब. पण तो मातीगणिक बदलतो. आपल्याकडची काळी माती इथे त्रास देते. तिच्यातली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाण्याने फुगतात आणि वाळताना भेगा पाडतात. कोकणातल्या तांबड्या मातीत केओलिनाइट जास्त, त्यामुळे ती कमी आकसते.

आता जाडीकडे वळू. उष्णता मातीत सावकाश शिरते. तासाभराच्या जाळात ती अंदाजे 4 सेंटिमीटर खोल पोचते, आणि दुप्पट खोल जायला चौपट वेळ घेते. म्हणजे 10 सेंटिमीटरची भिंत आरपार तापवायला सहा तासांहून थोडा जास्त जाळ हवा. दोन तासांत स्वयंपाक उरकणाऱ्याला बाहेरची निम्मी माती म्हणजे नुसतं ओझं.

आतून 60 सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल घुमट धरा. 10 सेंटिमीटर जाडीला सुमारे 130 किलो माती लागते. 5 सेंटिमीटरला 55 किलो पुरते. या आतल्या थरात काड घालत नाहीत, ते जळून जाईल. त्यावर मातीच्या पातळ रबडीत कालवलेल्या लाकडी भुशाचा 5 सेंटिमीटरचा थर चढवायचा. भुशाभोवती अडकलेली हवा गोधडीसारखी उष्णता आत राखते. या थराचं वजन 30 किलोच्या आसपास. जाडी तेवढीच राहिली, वजन तिसऱ्या हिश्शाने उतरलं.

घुमटाला साचा लागतो तो ओल्या वाळूच्या ढिगाचा. ढिगावर ओला कागद, कागदावर मातीचे गोळे थापत जायचे. माती आवळली की दार कापून वाळू उपसायची. दाराची उंची आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के ठेवतात. इथे 30 सेंटिमीटरला 19. तेवढ्या दारातून खालून थंड हवा आत येते, वरून धूर बाहेर पडतो. धुराड्याची गरज उरत नाही. दार याहून उंच केलं तर उष्णताही धुराबरोबर निघून जाते.

हलवताना खरी परीक्षा होते. माती दाब सोसते, ताण आणि पीळ सोसत नाही. म्हणून भट्टी न वाकणाऱ्या लोखंडी चौकटीवर बांधायची आणि चौकटीलाच धरून उचलायची. तळाच्या विटा सिमेंटने न जोडता वाळूवर नुसत्या मांडायच्या, म्हणजे तापल्यावर फुगायला जागा राहते. घुमट सावकाश वाळवून आधी छोटे जाळ करायचे. ओल्या भिंतीत वाफ कोंडली तर ती तडकते. पावसापासून मात्र भट्टी कायम झाकावी लागते. कारण माती पक्की भाजायला 600 अंशांच्या वर तापमान लागतं, आणि भिंतीचा बहुतेक भाग तिथवर पोचतच नाही.

हलकेपणाची किंमत असतेच. 55 किलो माती सरासरी 350 अंशांवरून 200 वर येताना साधारण 2 युनिट विजेइतकी उष्णता सोडते. त्यातली काही बाहेर निसटते, उरलेलीत पावाचा एखादा घाणा निघतो. पिझ्झ्याला ही अडचण नाही, कारण तेव्हा जाळ आतच एका बाजूला चालू असतो. एकामागून एक पावाचे घाणे काढायचे असतील, तर जाड भिंतीची, जागेवर बसलेली भट्टीच बरी.