आतड्याच्या घडीमागे लपलेली गाठ : रुंद नजरेच्या कोलोनोस्कोपीने किती फरक पडतो?

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे पहिला अंदाज ठरलेला असतो, तो म्हणजे मूळव्याध. मेडिकलवरून मलम येतं, कोणीतरी सांगितलेला काढा सुरू होतो, तिखट बंद होतं. रक्त आठ दिवस थांबतं आणि पुन्हा दिसतं. बहुतेक वेळा कारण मूळव्याधीचंच असतं, हे खरं आहे. पण काही जणांत ते रक्त मोठ्या आतड्यातल्या गाठीतून येत असतं, आणि मलम लावण्यात गेलेले महिने त्या गाठीला वाढायला मिळतात.

जागतिक आकडेवारीनुसार 2022 मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे सुमारे 19 लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 9 लाख लोक त्याने दगावले. भारतात या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. मात्र आपल्याकडे अनेक रुग्ण आजार पसरल्यावरच डॉक्टरांकडे पोहोचतात. सरकारच्या कॅन्सर तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे इथे लक्ष ठेवायची जबाबदारी बरीचशी आपल्यावरच येते.

पॉलिप म्हणजे काय?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांबीचं असतं. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी छोटे मांसल कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बरेच पॉलिप निरुपद्रवी असतात. पण ‘अॅडिनोमा’ या जातीचे काही पॉलिप हळूहळू कॅन्सरमध्ये बदलू शकतात. या बदलाला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात, आणि एवढा अवधी हाताशी असणं ही मोठी सवलत आहे. त्या काळात पॉलिप सापडला, तर दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे कापून काढता येतो. पोटावर चिरा नाही, टाके नाहीत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी 1969 मध्ये ही पद्धत सुरू केली. कॅन्सर होण्याआधीच त्याचं मूळ काढून टाकता येतं, अशा मोजक्या तपासण्यांपैकी कोलोनोस्कोपी एक आहे. अट एवढीच, की पॉलिप डॉक्टरांना दिसला पाहिजे.

दिसत का नाही?

आतड्याची आतली बाजू गुळगुळीत पाइपासारखी नसते. तिला जागोजागी आडव्या घड्या असतात आणि मध्ये तीव्र वळणं असतात. नेहमीच्या दुर्बिणीच्या टोकाला एक कॅमेरा असतो. तो समोर पाहतो आणि साधारण 170 अंशांचा भाग दाखवतो. बोगद्यातून जाणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखंच हे काम. समोरचं लख्ख दिसतं, पण खांबाच्या मागच्या बाजूला काय आहे ते कळत नाही. घडीच्या पाठीमागे बसलेला पाच मिलिमीटरचा पॉलिप असाच राहून जातो.

एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी केलेल्या अभ्यासांचा आढावा 2006 मध्ये घेण्यात आला. पहिल्या खेपेला सुमारे 22 टक्के पॉलिप नजरेतून सुटल्याचं त्यात दिसलं. सुटलेले बहुतेक छोटे होते. पण ‘सगळं नॉर्मल आहे’ असा रिपोर्ट मिळालेल्या काही लोकांना दोन-चार वर्षांत कॅन्सर का होतो, या कोड्याचं एक उत्तर इथे आहे.

तीन कॅमेऱ्यांची दुर्बीण

यावर उपाय म्हणून इस्रायलमधल्या एका कंपनीने ‘फ्यूज’ नावाची दुर्बीण तयार केली. तिच्या टोकाला समोर एक आणि दोन बाजूंना एकेक असे तीन कॅमेरे बसवले होते. त्यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवलेल्या तीन पडद्यांवर दिसत. नजरेचा आवाका 170 वरून 330 अंशांवर गेला. म्हणजे दुर्बीण पुढे सरकत असताना बाजूची भिंत आणि घडीची मागची बाजूही दिसू लागली.

इस्रायल, नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत या दुर्बिणीची परीक्षा झाली आणि निष्कर्ष 2014 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आले. 185 रुग्णांचे निकाल त्यात तपासले गेले. प्रत्येक रुग्णाची एकाच दिवशी दोन्ही दुर्बिणींनी तपासणी झाली. कोणती आधी वापरायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. जिथे साधी दुर्बीण आधी वापरली, तिथे 49 पैकी 20 अॅडिनोमा, म्हणजे 41 टक्के, पहिल्या फेरीत सुटले. जिथे रुंद नजरेची आधी वापरली, तिथे 67 पैकी फक्त 5 सुटले, म्हणजे 7 टक्के.

आकडे पाहून कोणालाही वाटेल, प्रश्न सुटला. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे इटलीत कॅन्सर तपासणी मोहिमेतल्या, मलचाचणीत रक्त आढळलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. तिथे निम्म्या लोकांना एक दुर्बीण, निम्म्यांना दुसरी, असं केलं. किती लोकांत अॅडिनोमा सापडला याची तुलना केली, तर दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

मग आधीचा अभ्यास खोटा होता का? तसं नाही. दोन्ही अभ्यासांनी वेगवेगळी गोष्ट मोजली. एका रुग्णात पाच पॉलिप असतील आणि साध्या दुर्बिणीने तीन शोधले, तर दोन सुटले हे खरं. पण ‘या रुग्णात पॉलिप आहे’ हे दोन्ही दुर्बिणींनी सांगितलंच. शिवाय अनुभवी डॉक्टर साध्या दुर्बिणीनेही घड्या बाजूला सारून बरंच शोधून काढतात. त्यांच्या हातात रुंद नजरेचा फायदा कमी दिसतो.

स्वस्त आणि सोपे उपाय

घडीमागे पाहायला प्रत्येक वेळी नवी मशीनच लागते असंही नाही. साध्या दुर्बिणीच्या टोकावर मऊ प्लास्टिकची, छोटे दाते असलेली टोपी चढवता येते. दुर्बीण बाहेर ओढताना ते दाते घड्या सपाट करतात. इंग्लंडमध्ये 1,772 रुग्णांवर या टोपीचा अभ्यास झाला. अॅडिनोमा सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण 36.2 टक्क्यांवरून 40.9 टक्क्यांवर गेलं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. पडद्यावर संशयास्पद जागा दिसली की संगणक तिच्याभोवती चौकट काढतो. पण एक फरक आपण समजून घेतला पाहिजे. संगणक डॉक्टरांना पडद्यावरची गोष्ट दाखवून देतो. जी जागा कॅमेऱ्यासमोर आलीच नाही, तिथे काय आहे ते तोही सांगू शकत नाही.

खरा फरक कुठे पडतो?

अमेरिकेत 136 डॉक्टरांनी केलेल्या 3 लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला 100 पैकी जेमतेम 7 रुग्णांत अॅडिनोमा सापडत होता, तर कोणाला 52 रुग्णांत! हे प्रमाण प्रत्येकी एका टक्क्याने वाढलं की रुग्णाला पुढे कॅन्सर होण्याचा धोका सुमारे 3 टक्क्यांनी घटत होता. डॉक्टर-डॉक्टरांमधला हा फरक कोणत्याही दोन दुर्बिणींतल्या फरकापेक्षा मोठा आहे.

याचं एक कारण म्हणजे वेळ. दुर्बीण आधी आतड्याच्या टोकापर्यंत नेतात आणि बारकाईने पाहणं मुख्यतः बाहेर काढताना होतं. 2006 मधल्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात 12 डॉक्टरांचं काम तपासलं. बाहेर काढायला सरासरी 6 मिनिटं किंवा जास्त वेळ देणाऱ्यांना 28.3 टक्के रुग्णांत अॅडिनोमा सापडले, घाई करणाऱ्यांना 11.8 टक्के रुग्णांत.

दुसरं कारण आपल्या हातात आहे, ते म्हणजे पोटाची सफाई. आतड्यात मळ राहिला तर तीन कॅमेरे काय, दहा लावले तरी मळच दिसेल. औषध घातलेलं ते दोन ते चार लिटर पाणी प्यायला नकोसं वाटतं हे मान्य. पण अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या काही तास आधी घेतलं, तर सफाई जास्त चांगली होते. डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्या असतील त्या चुकवू नका.

आपण काय करावं?

शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवड्यांपासून झालेला बदल, कारण नसताना घटलेलं वजन किंवा पंडुरोग, यांपैकी काही असेल तर घरच्या घरी निदान करू नका. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना हा कॅन्सर झाला असेल, तर काही त्रास नसतानाही वयाच्या चाळिशीपासून, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, तपासणी सुरू करायचा सल्ला दिला जातो. अब्बांना झाला होता 45 व्या वर्षी, तर मुलाने पस्तिशीत डॉक्टरांना विचारायला हवं.

लाज हा मोठा अडसर आहे, विशेषतः घरातल्या बायकांसाठी. अम्मी किंवा खाला हे दुखणं सांगतच नाहीत. स्त्री डॉक्टर आहेत का, ते विचारायला संकोच करू नका. तपासणीच्या वेळी अंगावर चादर असते आणि बहुधा गुंगीचं औषध देतात. आतड्याला छिद्र पडणं किंवा रक्तस्राव असे धोके आहेत, पण ते क्वचित होतात. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत एका कॅमेऱ्याचीच दुर्बीण असते. त्यासाठी तपासणी लांबणीवर टाकू नका. त्यापेक्षा रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी विचारा : दुर्बीण आतड्याच्या शेवटपर्यंत पोहोचली का? सफाई पुरेशी होती का? बाहेर काढताना किती मिनिटं पाहिलं? पुढची तपासणी कधी? सफाई नीट झाली नव्हती असं उत्तर आलं, तर ‘नॉर्मल’ शब्दावर समाधान मानू नका. तपासणी पुन्हा कधी करायची, ते तिथेच ठरवून घ्या.