पठारावर पाय कोठे ठेवावा?

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर कासचे पठार आहे. मागे एकदा पावसाळ्याच्या अखेरीस शाळेतील मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. गाडी थांबताच मुले धावत सुटली. एक चिमुरडी मात्र रस्त्याच्या कडेलाच थबकली आणि म्हणाली, "सर, पाय कुठं ठेवू? सगळीकडे फुलंच आहेत." मला चटकन उत्तर सुचले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचेच थोडेसे विवरण आहे.

हे पठार जांभ्या दगडाचे. खडकावरील मातीचा थर इतका पातळ, की मोठ्या झाडांना तेथे मूळ धरता येत नाही. म्हणूनच चिमुकल्या फुलझाडांना मोकळे रान मिळाले. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे, किडे धरून त्यांवर जगणारा दवबिंदू, आणि ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा! यांपैकी पुष्कळांचे आयुष्य एका पावसाळ्याचे असते. खडक कोरडा पडण्यापूर्वी उगवणे, फुलणे व बी धरणे, सारे उरकावे लागते. पायाखाली फूल चिरडले, तर एक फूल गेले एवढेच आपणांस दिसते. वस्तुतः बी धरण्याआधीच ते गेल्यामुळे पुढील वर्षीचे रोपही त्याच्याबरोबर जाते. शिवाय वारंवार तुडवून माती दबली, म्हणजे उरलेले बीही नीट रुजत नाही. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते.

पठार राखीव वनात मोडते. म्हणजे जमीन सरकारची, पर्यायाने तुम्हां-आम्हां सर्वांची. मग आपल्याच जमिनीवर आपल्यास मज्जाव का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले, ते लोकांच्या आनंदासाठीच. पुढे १९१६ च्या कायद्याने अशा उद्यानांच्या व्यवस्थेस दोन कामे एकदमच नेमून दिली : निसर्ग जतन करावा, आणि लोकांनी त्याचा आनंद असा घ्यावा की पुढच्या पिढ्यांसाठी तो अबाधित राहील. कायद्यात हे एका वाक्यात लिहिता येते. रविवारच्या गर्दीसमोर उभ्या असलेल्या वनरक्षकास ते कसे पार पाडावे, हे मात्र त्या वाक्यात नसते.

कासचेही तसेच झाले. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली आणि फुलांच्या हंगामात माणसांची रीघ लागली. तेव्हा प्रवेशशुल्क आले, दिवसास ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरली, आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि देखरेखीच्या कामात आसपासच्या गावांच्या समित्या सहभागी झाल्या. त्यामुळे ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या येथे चरत आली, त्यांतील काहींच्या हातांस कामही मिळाले.

तारेच्या कुंपणाची कथा मात्र निराळी. कुंपणाने माणसे अडली, पण गुरेही अडली. चराई थांबल्याने गवत माजते आणि त्याखाली लहान फुलझाडे गुदमरतात, असे काही जाणकारांचे म्हणणे पडले. २०२२ च्या सुमारास ते कुंपण काढण्यात आले. राखण्यासाठी केलेला उपायच जाचक ठरावा, हे आम्हां शिक्षकांस नवे नाही!

शुल्क वाढवीत जाऊन गर्दी हटवावी, ही सूचना मला पटत नाही. त्याने पाय कमी होतील खरे, पण ते गरिबाचेच कमी होतील. माझ्या वर्गातील निम्मी मुले मग पठार चित्रातच पाहतील. त्यापेक्षा संख्येची मर्यादा बरी. तीत आधी नाव नोंदविणारा आधी जातो, मग तो कोणीही असो. शाळांसाठी आठवड्यातील एखादा बिनगर्दीचा दिवस राखून ठेवला, तर आणखी उत्तम.

त्या मुलीस आम्ही अखेर मळलेल्या पायवाटेवर उभे केले. तेथून हात लांब केला तरी फूल हाती लागत नव्हते. ती जराशी हिरमुसली, मग उकिडवी बसून बराच वेळ नुसती पाहत राहिली.