रक्तशर्करेचे पासबुक

बँकेत खाते असणारा कोणताही सुज्ञ ग्राहक केवळ तिमाहीची सरासरी शिल्लक पाहून समाधान मानीत नाही. सरासरी चांगली असूनही मधल्या एखाद्या दिवशी खाते रिकामे झालेले असू शकते आणि नेमका त्याच दिवशीचा धनादेश न वटता परत गेलेला असू शकतो. मधुमेहाच्या बाबतीत मात्र रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही अनेक वर्षे सरासरीवरच भिस्त ठेवावी लागली. एचबीएवनसी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. बोटाला सुई टोचून केलेली तपासणी त्या एका क्षणाची साखर सांगते. या दोहोंच्या मधले सारे व्यवहार अंधारात राहत. दंडावर लावावयाच्या ग्लुकोज सेन्सरने त्या व्यवहारांचे पासबुकच रुग्णाच्या हाती दिले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजेच हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी आलेला आहे.

नाण्याएवढी चकती

या साधनाचे मूळ १९६२ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेतील लेलँड क्लार्क आणि त्यांचे सहकारी लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने साखरेचे प्रमाण विजेच्या सूक्ष्म प्रवाहातून मोजण्याची कल्पना मांडली. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला सेन्सर तीन दिवसांच्या नोंदी साठवून ठेवी. पण त्या रुग्णाला दिसत नसत, दवाखान्यात गेल्यावरच उलगडत. आजची चकती दंडाच्या मागील बाजूस साधारण दहा ते पंधरा दिवस चिकटून राहते. तिचा बारीक, लवचीक तंतू त्वचेखाली असतो आणि दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर उमटतो. आंघोळ करता येते, कामावर जाता येते, गर्दीच्या लोकलमधून प्रवासही करता येतो. दाराच्या चौकटीला दंड घासणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

सरासरीआड दडलेले

इन्सुलिन घेणाऱ्या एखाद्या निवृत्त गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांचे एचबीएवनसी ७ टक्के, म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. अहवाल पाहून घरात समाधान व्यक्त होते. सेन्सरचा आलेख मात्र वेगळीच हकिगत सांगू शकतो : न्याहारीनंतर २४० आणि पहाटे तीनला ६०. दोन्ही टोके धोक्याची, पण सरासरीत ती एकमेकांना झाकून टाकतात. म्हणूनच २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नवे माप सुचविले. बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर दिवसाचा किमान ७० टक्के काळ, म्हणजे सुमारे सतरा तास, ७० ते १८० या मर्यादेत असावी. वृद्धांसाठी हे लक्ष्य सैल ठेवले आहे; कारण त्यांच्या बाबतीत साखर उतरण्याचे भय अधिक.

हा आलेख स्वयंपाकघरातील अनेक समजुतींनाही धक्का देतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टेची खरी; पण उपवासाच्या साबुदाणा खिचडीनंतर रेषा कशी उभी चढते, हे पाहिल्यावर थट्टा उरत नाही. उलट, जेवणात आधी कोशिंबीर-उसळ व मग भात घेतला, किंवा जेवणानंतर वीस मिनिटे शतपावली केली, तर तीच रेषा पुष्कळदा नरमते. डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही जे पटत नाही, ते स्वतःच्या शरीराची नोंद एकदा पाहून पटते.

रात्रीचा पहारा

सेन्सरचे सर्वांत मोठे मोल रात्री कळते. साखर उतरू लागली की घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसतात; परंतु झोपेत ती जाणवत नाहीत आणि जुन्या मधुमेहात ती बोथटही होतात. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या आया म्हणूनच मध्यरात्री उठून लेकराच्या बोटाला सुई टोचीत आल्या आहेत. आता साखर ठरलेल्या पातळीखाली गेली की गजर होतो, आणि ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा पाहता येतो. मुलगा शिक्षणासाठी बंगळुरूला असला, तरी नागपूरला आईच्या मोबाइलवर तो आकडा दिसू शकतो. तिला त्याने धीर येतो. मुलाला मात्र तीच नजर कधी पाळतीसारखी वाटते. कोणत्या आकड्याला फोन करावयाचा आणि कोणत्या आकड्याला गप्प राहावयाचे, हे दोघांनी आधीच ठरविलेले बरे.

मर्यादांचे भान

सेन्सर थेट रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतालच्या द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपून दंड दाबला गेल्यासही खोटा कमी आकडा दिसतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोटाची तपासणी करावी. इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बदलू नये. काहींच्या त्वचेला चिकटपट्टीची खाज सुटते. एकेका चकतीला काही हजार रुपये पडतात. ज्यांना हा खर्च सतत झेपणार नाही, त्यांना वर्षातून एक-दोनदा लावूनही उपयुक्त माहिती मिळते. आणखी एक मर्यादा मनाची आहे. दर पाच मिनिटांनी आकडा पाहणारा माणूस सणाच्या दिवशी एका मोदकानेही अपराधी होतो. साखर जेवणानंतर चढणारच. ती किती चढते आणि केव्हा उतरते, तेवढेच पाहावयाचे असते.

पासबुक शिल्लक वाढवीत नाही. खर्च कोठे झाला, एवढेच ते दाखविते. पुढच्या वेळी हात आवरायचा तो खातेदारानेच.