पागलखाना चौकातले मानसशास्त्र

नागपुरात छिंदवाडा रोडवर पागलखाना चौक आहे. पाटीवर काहीही लिहा, ऑटोवाला याच नावाने ओळखणार. चौकाला हे नाव देणारे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. २६ ऑगस्ट १८९२ रोजी तिथे कामठीहून एक रुग्ण आणला गेला. वय ३१. आईवडिलांविना वाढलेला, पलटणीत शिपाई झालेला. सागरला असताना तो रात्री दर्ग्यात काढू लागला, मग नोकरी सोडली आणि कपड्यांचे भान नसल्यासारखा कामठीत फिरू लागला. छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांना ते चालण्यासारखे नव्हते. पुढची १६ वर्षे तो इस्पितळातच राहिला. तोवर त्याच्या दर्शनाला लोक येऊ लागले होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्याला बाहेर काढून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्याचे निधन झाले आणि उमरेड रोडला ताजबाग उभी राहिली. हा रुग्ण म्हणजे हजरत ताजुद्दीन बाबा. मनोरुग्णालयाच्या आवारातही त्यांचे स्थान आहे. म्हणजे एकाच आवारात ओपीडीची चिठ्ठीही मिळते आणि नवसही बोलला जातो.

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना या रुग्णाचे निदान विचारावे. बहुतेक जण एकतर लगेच एखाद्या आजाराचे नाव घेतील, नाहीतर संतांची अशी चिकित्सा करू नये म्हणून हात जोडतील. दोन्ही उत्तरे नापास करण्याजोगी आहेत. पहिल्यात १३० वर्षांपूर्वीच्या माणसाला न पाहता आजार चिकटवला जातो. दुसऱ्यात अभ्यासच सोडून दिला जातो.

ब्रिटिश इतिहासकार नाईल ग्रीन यांनी हिंदी शिपायांच्या धर्मजीवनावर लिहिलेल्या पुस्तकात ताजुद्दीन बाबांचा आणि नागपूरच्या इस्पितळाचा मोठा भाग आहे. त्या काळी फकीर, बैरागी, गोसावी पकडून आणले की कागदावर कारण म्हणून ‘गांजा’ लिहून मोकळे होण्याची रीत होती. पुढे १८९३-९४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या आणि त्यातली बरीच कारणे विश्वास ठेवण्यालायक नाहीत असा निष्कर्ष काढला. निदान करणारा माणूस कोण आणि कुठे बसलेला, यावर निदान किती ठरते याचे यापेक्षा चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

त्याच विदर्भात, ताजुद्दीन बाबांच्या भरतीच्या १४ वर्षे आधी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात एक दिगंबर तरुण उष्ट्या पत्रावळीतली शिते वेचून खाताना लोकांना दिसला. बंकटलाल अगरवाल या सावकारपुत्राला तो अवलिया वाटला. त्याने त्याला घरी नेले आणि गावाला गजानन महाराज मिळाले. एका गावात असा माणूस घरात घेतला गेला, दुसऱ्या गावात कोठडीत गेला. दोघांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. पण शेगाव ही बाजारपेठ होती आणि कामठी ही लष्करी छावणी, हा फरक मात्र दिसतो.

खरे तर विदर्भाला हा प्रश्न याहून जुना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, तेराव्या शतकातले. म्हाइंभटांच्या ‘रिद्धपुरलीळे’त ते वाटेल तिथे शिरतात, मनात येईल ते खातात, लहान मुलासारखे रुसतात. गावकरी त्यांना वेडेही म्हणतात आणि देवही, अनेकदा एकाच दमात. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि दैवी वेडाची ही कल्पना जगभरच्या धर्म-अभ्यासकांपुढे ठेवली. आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या वर्गात मात्र मी गोविंदप्रभूंचे नाव कधी ऐकलेले नाही.

आता वर्गाकडे वळू. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच घटकाची सुरुवात पौर्वात्य विचारपरंपरांनी होते. भगवद्गीता, बौद्ध विचार, सूफी विचार आणि श्री अरविंदांचा पूर्णयोग ही चार नावे त्यात आहेत. नागपूरच्या विद्यार्थ्याला यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नावासाठी सिटी बसचे तिकीट पुरते. पण तो गाईड आणतो, चार-चार ओळी पाठ करतो आणि पाश्चात्त्य मानसशास्त्रातल्या वुंटच्या प्रयोगशाळेकडे निघून जातो. परीक्षेपुरते ते ठीकच. पण शिकून झाल्यावर समोर बसणारा माणूस ‘माझ्यावर कोणीतरी केलंय’ किंवा ‘देवी अंगात येते’ असे सांगतो, तेव्हा त्या चार ओळी कामाला येत नाहीत.

धर्माकडे कसे पाहावे यावर मानसशास्त्रात सुरुवातीपासून भांडण आहे. विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली व्याख्याने १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती या शाखेची पहिली मोठी इमारत. एखाद्या संताला अपस्मार होता हे सिद्ध झाले म्हणून त्याच्या अनुभवाची किंमत संपत नाही, त्या अनुभवाने त्याच्या जगण्याला काय फळ आले ते पाहा, असे जेम्स यांचे म्हणणे. फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये धर्माला मानवजातीचा भ्रम ठरवले. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस तर कडव्या धार्मिकतेला भावनिक बिघाडाच्याच रांगेत बसवत. उतारवयात ते काहीसे निवळले. गंमत अशी की एलिस यांचे हेच शास्त्र कि. मो. फडके यांच्यामार्फत मराठीत आले, रुजले आणि पुढे ठाण्याच्या आय.पी.एच. संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी ते गीतेशी आणि वेदान्ताशी जोडून सांगू लागले. मूळ पुण्याचे आणि कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवलेले आनंद परांजपे यांनी रमण महर्षी आणि तुकाराम यांच्या आयुष्यांचा आत्म-परिवर्तनाची उदाहरणे म्हणून मानसशास्त्रीय अभ्यास मांडला. मराठी माणसाने या विषयात काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही.

अमेरिकेत यातून एक वेगळीच सोय निघाली. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने १९६५ मध्ये मानसशास्त्राची पदव्युत्तर शाळा काढली. तिथे मानसोपचाराबरोबर ख्रिस्ती धर्मशास्त्रही शिकावे लागते. नागपुरात अशी शाळा हवी का? माझे उत्तर नाही असे आहे. इथे समुपदेशकाकडे सकाळी मारवाडी कुटुंब येईल, दुपारी मोमीनपुऱ्यातला मुलगा आणि संध्याकाळी इंदोऱ्यातली बौद्ध शिक्षिका. एका श्रद्धेत मुरलेले शिक्षण त्याला यातल्या दोघांपुढे तरी परके करील. सध्या भारतीय ज्ञानपरंपरेच्या नावाखाली जे पेपर निघत आहेत, त्यांतही हा धोका आहे. अभ्यास सुरू होण्याआधीच आरती सुरू होते.

इंदोऱ्याचे नाव सहज घेतलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतर हा धर्माच्या मानसशास्त्राचा सर्वांत आवडता विषय. पण पाश्चात्त्य पुस्तकातला धर्मांतरित माणूस एकटा असतो, अपराधभावाने पोळलेला असतो आणि एका क्षणी त्याला प्रकाश दिसतो. नागपूरचे धर्मांतर त्या साच्यात कुठूनही बसत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा झाली आणि दीक्षा २१ वर्षांनी. मधल्या काळात वाचन, वाद, तुलना चालली. अपराधभाव नव्हता, अपमान होता, आणि तो कोणी केला हे लख्ख माहीत होते. माणसे एकेकटी आली नाहीत, वस्त्याच्या वस्त्या आल्या. एक श्रद्धा सोडल्याने स्वाभिमान मिळतो, हे इथल्या घराघरातले अनुभवज्ञान आहे. जेम्स यांच्या पुस्तकात त्याला जागा नाही. त्या दिवसाच्या २२ प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. म्हणून चिंतेने झोप उडालेल्या बौद्ध बाईला एखादा समुपदेशक सद्भावनेने ‘रोज अथर्वशीर्ष म्हणा, बरं वाटेल’ असे सांगतो, तेव्हा तो तिच्या आजोबांचे दीक्षेसाठी ऐंशी कोसांवरून केलेले चालणे एका वाक्यात पुसून टाकतो. ती पुढच्या वेळी येत नाही. समुपदेशक वहीत लिहितो, ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’

ध्यानाचेही तसेच. बौद्ध परंपरेतून उचललेले सजगतेचे तंत्र १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या इस्पितळात आणले आणि आज ते इंग्रजी नावाने आपल्याला परत विकले जाते. विपश्यनेची केंद्रे मात्र गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचे शिबिर करू नये असे सांगतात. सगळ्यांनाच ‘ध्यान करा’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

आता सर्वांत अवघड भाग. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास लाखोंची यात्रा भरते आणि मनोरुग्णांना तिथे आणण्याची रीत जुनी आहे. मेळघाटात कोरकू माणूस आधी भुमक्याकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, जातो. ‘बाहेरचं असेल’ हे वाक्य विदर्भात सुशिक्षित घरांतही ऐकू येते. याला अडाणीपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण २००२ मध्ये बंगळुरूच्या आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणे त्यांनी रुग्ण आल्यावर आणि निघताना मोजली. औषध नव्हते, मारहाण, साखळी नव्हती. नातेवाईक सोबत राहत आणि रुग्ण देवळातली कामे करीत. लक्षणांच्या गुणांत जवळपास २० टक्के घट दिसली. नमुना लहान, तुलनेसाठी दुसरा गट नाही, त्यामुळे यावरून देऊळ हे औषध ठरत नाही. पण सुरक्षित जागा आणि सोबतचा माणूस यांचे मोल त्यातून दिसते.

याची दुसरी बाजू त्याच राज्यातली. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या खासगी झोपडीला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. यानंतर देशात काही ठिकाणी शहाणपणाचे प्रयोग झाले. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच शिकवून, दुव्याबरोबर दवाही देण्याची व्यवस्था उभी राहिली. मुजावर सांगतो, ‘आधी डॉक्टरला दाखव’, आणि माणूस ऐकतो. तेच वाक्य डॉक्टरने सांगितले असते तर तो दर्ग्याकडेच गेला असता.

कायदाही विद्यार्थ्याला माहीत हवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा ठरवला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जीव गमावला आणि नागपूरच्या श्याम मानव यांनीही वर्षानुवर्षे धडपड केली. दुसरीकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की समाजातल्या रूढ धर्मश्रद्धांशी न जुळणे एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे दोन कायदे शेजारी ठेवले की श्रद्धा आणि आजार यांच्यातली वाट बरीच स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरणही तेच सांगते: अंगात येणे हे समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग असेल तर तो विकार नव्हे, नको असताना येत असेल, त्याने त्रास होत असेल, घर-काम कोलमडत असेल तर विकार. म्हणजे जत्रेत वाजंत्री लागल्यावर बाईच्या अंगात येते, ती घुमते, उठून घरी जाऊन भाकरी टाकते, तिला उपचार नको. तीच बाई रोज पहाटे घुमते, कोणाला ओळखत नाही आणि आठवडाभर जेवत नाही, तिला हवा.

हे ओळखायला विचारावे लागते. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने श्रद्धेचे दोन वापर दाखवले. ‘देव माझ्या पाठीशी आहे’ असे मानणारा माणूस संकटात सावरतो. ‘देवाने मला शिक्षा केली’ असे मानणारा जास्त खचतो. देव तोच, परिणाम उलटे. त्यामुळे रुग्ण धार्मिक आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याचा देव त्याच्याशी कसा वागतो हे विचारावे लागते. हे कौशल्य पाठांतराने येत नाही, कोणाच्या तरी देखरेखीखाली मुलाखती घेऊन येते.

पदवीबद्दल थोडे रोखठोक. नुसत्या एम.ए.ने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव लागते. २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशही थांबवले आहेत. नोकरी करता करता पत्राने एम.ए. करणाऱ्या विदर्भातल्या अनेकांची वाट त्यामुळे बंद झाली, पण समोर माणूस न बसवता हा विषय शिकवता येतो हे मला कधी पटले नव्हते.

राहता राहिला प्रबंध. दरवर्षी आपल्या विभागांत ६० मुले आणि ६० मुली घेऊन ‘समायोजन व चिंता’ मोजणारे प्रबंध बांधून कपाटात जातात. प्रश्नावली परदेशातली, निष्कर्ष आधीच माहीत. त्याऐवजी धम्मदीक्षेच्या तिसऱ्या पिढीला प्रतिज्ञांचा आधार कसा मिळतो, सैलानीला आलेल्या कुटुंबाने त्याआधी किती दवाखाने पालथे घातले, भुमका रुग्णाला कधी स्वतःहून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतो, हे कोणीतरी विचारून लिहावे. लेखी संमती घ्यावी, नावे लपवावीत, आणि कोणाच्याही देवावर शेरा मारू नये. विभागप्रमुखांनी धर्माच्या मानसशास्त्राचा एक पेपर निदान ऐच्छिक म्हणून सुरू करावा. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांनी तो मागून घ्यावा.