जुन्या डिझेल गाडीचा ताप व त्याचें निदान

बैल आजारी पडला म्हणजे रवंथ सोडतो, कान पाडतो. घरांतील लहान मुलासहि तें कळतें. परंतु आज ज्या जुन्या डिझेल पिकअप गाडीवर आपला भाजीपाला बाजारास जातो, तिचा ताप सहसा कळून येत नाहीं. आणि कळतो तेव्हां पुष्कळदां इंजिन उघडण्याची पाळी आलेली असते. हा ताप कसा ओळखावा व त्याचें मूळ कोठें शोधावें, हें आमच्या घरच्या एका अनुभवावरून वाचकांस सांगावें असें योजिलें आहे.

आमची गाडी सोळा वर्षांची. बेसा गांवापलीकडील शेतांतून सुमारें बाराशें किलो माल भरून ती मनीषनगरवरून कॉटन मार्केटास जाते. गेल्या वैशाखांत मनीषनगरच्या रेल्वेवरील उड्डाणपुलावर चढतांना ती धापा टाकूं लागली. मागें काळा धूर, बोनेटखालून भाजल्यासारखा वास. पण पाण्याच्या उष्णतेचा कांटा पाहावा तर नेहमींच्या जागीं! एका मिस्त्रीनें सांगितलें कीं, गाडीस डिझेल कमी पडत आहे. व त्यानें पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिलें. दोन दिवस गाडी जोरांत चालली. तिसऱ्या दिवशीं पहांटेच्या अंधारांत पूल चढून बोनेट उघडलें, तों धूर बाहेर नेणारा लोखंडी मॅनिफोल्ड लालसर दिसत होता. आम्हीं भट्टींत आणखी लांकडें घातलीं होतीं.

येथें डिझेल इंजिनाचा धर्म समजून घेतला पाहिजे. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप तापते, व त्या तप्त हवेंत डिझेल फवारलें म्हणजे पेट घेतें. चांगल्या इंजिनांत हवा नेहमीं गरजेहून अधिक असते. ती जाळ पुरा करते व उरलेली उष्णता वांटून घेते. हवा घटली किंवा डिझेल वाढलें कीं धूर काळा होतो व बाहेर पडणारा वायु अधिक तापतो. म्हणून डिझेल गाडीचा ताप म्हणजे बहुधा हवेचा दुष्काळ होय. त्यांत आपल्याकडील उन्हाळा. २५ अंशांच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा सुमारें सहा टक्के विरळ असते. म्हणजे हिवाळ्यांत झांकलेला दोष वैशाखांत उघडा पडतो.

पाण्याचा कांटा हा ताप कां दाखवीत नाहीं? तो रेडिएटरच्या पाण्याची उष्णता सांगतो, जाळाची नव्हे. जाळाची उष्णता मोजण्यास पायरोमीटर नांवाचें साधन असून त्याची सळई टर्बोच्या अगोदर मॅनिफोल्डांत बसवितात. टर्बोच्या पुढें बसविल्यास आंकडा बराच कमी दिसतो व खोटें समाधान मिळतें. सर्वसाधारण मान असें कीं, भरली गाडी चढावर असतां हा आंकडा ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहूं नये. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि पिस्टन त्याच धातूच्या मिश्रणाचे असतात. जाळ क्षणभरच लागतो व खालून तेल थंडावा देतें, म्हणून ते तगतात. परंतु लांब चढावर ही उसंत मिळत नाहीं.

पुढें एका अनुभवी डिझेल मिस्त्रीकडे आम्हीं हें साधन बसवून घेतलें. त्याचा नियम एकच होता: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि दरवेळीं तोच पूल, तेंच ओझें, तोच गिअर ठेवून आंकडा पाहावयाचा. पहिला आंकडा आला ७८०. एअर फिल्टर काढला तो बेशाच्या नव्हे, साऱ्या तालुक्याच्या धुळीनें भरलेला होता. नवा घालतांच आंकडा ७४० वर आला. मग टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी साबणाच्या पाण्यानें तपासली. वांकावर खालच्या बाजूस चीर निघाली. नळी बदलल्यावर ६६०. शेवटीं पंपाचा स्क्रू पूर्वस्थितीस आणला, तेव्हां ६०० च्या आंत. गाडीचा जोर कमी झाला नाहीं; उलट धूर गेला. पंप आधींच सुधारला असता तर चिरलेली नळी तशीच राहिली असती.

यावरून तपासाचा क्रम असा ठरतो. प्रथम हवा: फिल्टर, नळ्या, त्यांच्या क्लिपा, आणि इंटरकूलर असल्यास त्यावर बसलेला चिखल व कापसाचे तंतू. नंतर बाहेरची वाट: सायलेन्सर आंतून कोंदला असेल तर वायूस मार्ग मिळत नाहीं. मग ओझें: अधिक माल, कमी हवेचे टायर, किंवा धरून राहिलेला ब्रेक; फेरीनंतर चाकाजवळ हात नेला तर एक चाक इतरांहून गरम लागतें. हें सर्व निर्दोष ठरल्यावरच नोझल व पंप. नोझल थेंब गाळीत असेल, किंवा पंपाचें टाइमिंग मागें पडून डिझेल उशीरां फवारलें जात असेल, तर जाळ सिलिंडरांत न संपतां बाहेर जातो. ही कामें मात्र यंत्रावर तपासणाऱ्या कारागिराकडेच द्यावीं.

धुराचा रंगहि बोलका असतो. काळा धूर हवेची उणीव किंवा डिझेलचा अतिरेक सांगतो. निळा धूर ऑइल जळत असल्याचें. गरम इंजिनाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचें किंवा आंत शिरलेल्या पाण्याचें लक्षण होय. हें ज्ञान आपणांस नवें नाहीं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यास १९४६ सालीं स्थापन झाली. पुढें विहिरीविहिरींवर जीं डिझेल इंजिनें आलीं, त्यांचा धूर पाहून आपले वडील दुरूनच इंजिनाची प्रकृति सांगत.

रस्त्यांत ताप जाणवल्यास रेस दाबून ठेवूं नये. खालचा गिअर टाकावा व पाय हलका करावा. थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करितां एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें, म्हणजे टर्बोस तेल मिळून तो निवतो. तापलेल्या मॅनिफोल्डावर पाणी कधींहि ओतूं नये; लोखंड तडकतें.

एक फिल्टर व हातभर रबरी नळी एवढ्यावर आमचें इंजिन वांचलें. गाडी जोर मागूं लागली म्हणजे तिला डिझेल पाजण्यापूर्वी ती नीट श्वास घेते कीं नाहीं, एवढें आमच्या बागाइतदार बंधूंनीं अवश्य पाहावें.