पोटातला टाका जातो कुठे?

मिरज जसं तंबोऱ्या-सतारींचं गाव, तसंच ऑपरेशनांचंही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे दवाखाना उभारला, तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडची माणसं पोटाचं दुखणं घेऊन मिरज गाठत आली आहेत.

वाद्य आणि शस्त्रक्रिया, दोन्हीकडे एक धागा चालत आला: तात. सारंगीला लावतात ती आतड्याची तात आणि सर्जनांचा जुना ‘कॅटगट’ यांचं कूळ एकच. कॅटगट मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून करतात. शरीराला हे प्रथिन परकं वाटतं, पेशी त्यावर तुटून पडतात, जागा सुजते. आणि सूज रेंगाळली की व्रण जाड होण्याची भीती.

हल्लीच्या ‘व्हिक्रिल’ची तऱ्हा वेगळी. हा ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांपासून बनवलेला धागा. लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देतं तेच! अंगातलं पाणी त्याला हळूहळू तोडतं, पेशी तुकडे पचवतात, दोन-सव्वादोन महिन्यांत टाका विरून जातो आणि त्याचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. ऑपरेशनचा टाका आपण उच्छ्वासातून सोडतो, यावर माझा तरी पटकन विश्वास बसला नव्हता.

पण खूण कशी दिसेल, हे धाग्याच्या जातीपेक्षा तो कातडीत किती दिवस राहिला आणि किती ताणला गेला यावर जास्त ठरतं. जुन्या व्रणाच्या दोन्ही बाजूंना ठिपके दिसतात ना, आगगाडीच्या रुळांसारखे? बाहेरून घातलेला टाका रेंगाळला की त्याच्या भोकातून वरच्या कातडीच्या पेशी आत उतरतात. मग धागा काढला तरी भोकाला अस्तर लागलेलं असतं. म्हणून पोटावरचे टाके सात ते दहा दिवसांत काढायची घाई. त्या वेळी जखमेची ताकद मात्र मूळ कातडीच्या दहा टक्केही नसते!

यावर सर्जनांची युक्ती सुरेख आहे. ‘मोनोक्रिल’सारखा गुळगुळीत, एकेरी धागा कातडीच्या आतल्या थरातून नागमोडी नेतात, दोन्ही कडांना वर भोकांची रांगच नाही. केलॉइडची, म्हणजे व्रण जाड होऊन वाढत जाण्याची, प्रवृत्ती असेल तर मात्र कुठलाही धागा हमी देत नाही.

आणि पोटाचा जोर? तो पेलतो खोलवरचा, स्नायूंवरचा पांढरा चिवट पडदा. तिथे ‘पीडीएस’सारखा, विरघळायला सहाएक महिने घेणारा धागा लागतो. हा पडदा उसवला तर वरचा व्रण कितीही नाजूक असो, हर्नियाने फुगतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात इथे ५ मिलिमीटरचे बारीक टाके घातले, तेव्हा वर्षभरात हर्नियाचं प्रमाण २१ टक्क्यांऐवजी १३ टक्के आढळलं. कऱ्हाड असो की तासगाव, ऑपरेशन झालेल्या बाईला काही आठवडे भरलेला हंडा उचलू देत नाहीत, ते या पडद्यासाठी. वरच्या कातडीचा लालसरपणा जायला तर कधी कधी वर्षही लागतं.